इमानवाल्याचं जाकीट

मन्नाएखेळ्ळीला हमरस्त्याच्या कडेला, पंक्चरवाल्याच्या शेजारी अमरदीपचं सीट कव्हरचं दुकान आहे. ट्रॅक्टरच्या सीटा, जीपचे हूड, मोटरसायकलच्या टाकीवरची कव्हरं असली कामं तो करतो. भिंतीला रेक्झिनचे गुंडाळे उभे, मधोमध जड शिलाई मशीन, आणि पुढं लिंबाच्या झाडाला बांधलेली ताडपत्री. त्या ताडपत्रीच्या दोरीला वर्षभर एक चामड्याचं जाकीट टांगलेलं असायचं. गडद तपकिरी रंग, मेंढीच्या लोकरीची कॉलर, पितळी चेन, कमरेला आणि मनगटाला विणलेली पट्टी. ट्रक गेला की वाऱ्यानं ते भरायचं, बाह्या थोड्या उचलायच्या, आणि क्षणभर वाटायचं की कुणीतरी आत उभं आहे आणि आता खाली उतरणार आहे. मग वारा पडायचा आणि नुसतं कातडं राहायचं.

अमरदीप पूर्वी चेन्नईला चामड्याच्या कपड्यांच्या कारखान्यात होता. जुन्या महायुद्धातले वैमानिक घालत तसली जाकिटं तिथं नव्यानं बनत. माप जुनं, बेतणी जुनी, चेनसुद्धा जुन्या घडणीची. ती परदेशातले हौशी लोक घेत. पण नवं जाकीट नवं दिसू नये म्हणून सगळ्यात शेवटी ते झिजवायच्या खोलीत यायचं, आणि अमरदीप त्या खोलीत कामाला होता. कोपरावर बारीक काचकागद फिरवायचा, खिशाच्या तोंडाशी तेलकट चिंधी घासायची, पाठीवर घड्या पाडायच्या. कुणीतरी आयुष्यभर अंगावर वागवलंय असं वाटलं पाहिजे. काम करता करता तो मनात त्या माणसाला उभं करायचा. हा डावखुरा होता, म्हणून डावी बाही जास्त झिजली. हा खिशात हात घालून आभाळ बघत राहायचा. हा कॉलर वर करून झोपायचा. कधी नव्हत्याच अशा माणसांच्या सवयी तो कातड्यावर उमटवायचा, आणि संध्याकाळी खोलीकडं चालत निघाला की त्याला वाटायचं, आपण आत्ताच कुणाच्या तरी संगतीतून उठून आलोय.

कारखाना बंद पडला तेव्हा तो गावी परत आला. दुकान टाकलं, संध्याशी लग्न झालं. एका पावसाळ्यात सीटांची कामं मंदावली होती. ताडपत्रीवर पाऊस वाजत होता, रस्ता रिकामा होता, आणि त्याचे हात जुन्या कामाच्या आठवणीनं बेचैन झाले. कलबुरगीहून त्यानं बकऱ्याची कमावलेली कातडी आणली, हैदराबादहून चेन आणली आणि एक जाकीट शिवलं. पहिल्यांदाच कापण्यापासून झिजवण्यापर्यंत सगळं एकट्यानं.

त्याचे वडील भीमराज. बसवर कंडक्टर होते, आता निवृत्त झालेत. त्यांनी जाकीट दुरूनच सगळ्या बाजूंनी पाहिलं. मग म्हणाले, "काम चांगलं झालंय. पण घरात आणू नको."

"कामून अप्पा?"

"तुझ्या आज्यानं दीक्षा घेतली तवा मेल्या जनावराला हात लावायचं सोडला. कातडं सोडला. गावानं लई तरास दिला, तरी पुन्हा हात लावला न्हाई. त्यानं हा वास उंबऱ्याच्या भाईर काढलाय."

"मी मढी ओढत न्हाई, अप्पा. मी शिवतोय."

"ठाव हाय मला. तू चूक करायलास असं मी म्हणत न्हाई. पण घरात नको."

भीमराज रागावले नव्हते. रोज सकाळी ते दुकानात येऊन बसत, पेपर वाचत, गिऱ्हाइकाशी बोलत. फक्त त्यांची खुर्ची ताडपत्रीच्या दुसऱ्या टोकाला असायची. अमरदीपनं तो विषय परत काढला नाही. संध्याकाळी जाकीट दुकानातल्या ट्रंकेत जायचं आणि सकाळी दोरीवर यायचं.

बघणारे पुष्कळ होते. पंजाबकडचा एखादा ट्रकवाला उतरायचा, जाकीट अंगात घालायचा आणि त्याची पाठ आपोआप ताठ व्हायची. नवी जोडपी फोटो काढून घ्यायची. एकदा एक सरकारी बाबू ते घालून आरशापुढं इतका वेळ गप्प उभा राहिला की संध्यानं त्याला पाणी आणून दिलं. सकाळच्या वेळी बीदरकडची शिकाऊ विमानं वरून जायची. विमान आधी दिसायचं, आवाज मागून यायचा, आणि जाकीट घातलेला माणूस हमखास वर बघायचा. मग चेन उघडायचा, जाकीट परत द्यायचा.

"थंडी तरी कुठं पडतीय इथं?" बहुतेकांचं हेच म्हणणं. आणि जे घ्यायच्या बेतात असायचे ते विचारायचे, "खरं हाय का? लढाईतलं?"

"न्हाई. नक्कल हाय. मी शिवलोय," अमरदीप सांगायचा, आणि न विचारणाऱ्यालाही सांगायचा.

संध्याला हे पटायचं नाही. "इचारलं तर सांगावं. तुमी तर न इचारताच सांगायलाव. मानसाला जरा वाटू द्यावं की."

एक माणूस मात्र न विचारताच नक्कल ओळखणारा आला. महेशकुमार त्याचं नाव. मूळचा हुमनाबादचा, हैदराबादेत जुन्या वस्तूंचा धंदा. त्यानं गाडीतून उतरून जाकीट आतून बाहेरून पाहिलं, शिलाईवर अंगठा फिरवला, कोपरापाशी नाक नेलं.

"हे कुठं शिकलात?" त्यानं विचारलं. अमरदीपनं सांगितलं. महेशकुमार खुशीत हसला. "असले हात ह्या रस्त्यावर सीटा शिवायलेत! हे बघा, मी हे घेतो. अन् असली अजून पायजेत. फक्त एक करायचं. आत अस्तरावर एक कापडी पट्टी लावायची, जुनी दिसणारी. तीवर एका गोऱ्या पायलटाचं नाव. बाकी मी बघतो."

"म्हणजे खरं म्हणून इकायचं?"

"मी इकणार. तुमी फक्त गप बसणार. घेणारा खुश, मी खुश. नाव कोणतं बी घाला, तुमच्या मनात येईल ते." आणि जाताना मराठी सोडून दखनीत म्हणाला, "किसीकू बोलना नक्को, बस." रविवारी परत येतो, असं सांगून तो गेला.

अमरदीपला राग आला नाही, आणि त्याचंच त्याला नवल वाटलं. नावं तर त्याच्याकडं होतीच की. इतकी वर्षं झिजवता झिजवता उभी केलेली माणसं होती. त्यातल्याच एकाला नाव दिलं तर कुणाचं काय जाणार? त्यानं जुन्या धोतराची एक चिंधी चहाच्या पाण्यात बुडवून वाळत घातली. ती पिवळट, शंभर वर्षांपूर्वीची दिसायला लागली. तिच्याकडं बघत तो बराच वेळ बसून राहिला, पण नाव सुचेना.

त्याच आठवड्यात राजूबाई आली.

राजूबाई निर्ण्याची. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि बीदरला ऑपरेशनसाठी जाताना बसच्या खिडकीतून तिला लिंबाखाली एक माणूस उभा दिसला होता. तपकिरी, खांदे रुंद, तोंड नसलेला. तेव्हा तिला सगळंच दुधातून बघितल्यासारखं दिसायचं. पण तो माणूस तिनं ओळखला. ऑपरेशन झालं, पट्ट्या सुटल्या, आणि परत तपासायला गेली तेव्हा येताना मन्नाएखेळ्ळीला बस थांबल्याबरोबर ती उतरलीच. डोळ्यावर काळा चष्मा, डोक्यावरून पदर, हातात पिशवी. मागं तिचा लेक हरिओम, चाळिशीतला शेतकरी गडी, "माय, कुठं निघालीस? बस निघायलीय!" म्हणत पळत आला.

ती जाकिटासमोर थांबली. बाही हातात घेतली, सोडली, पुन्हा घेतली.

"हे त्याचंच हाय," ती म्हणाली.

"कुणाचं, मावशी?" अमरदीप मशीनवरून उठला.

"इमानवाल्याचं."

हरिओम ओशाळला. "माय, चल की. लोक बघायलेत."

"जाऊ दे बस. दुसरी येईल," राजूबाई म्हणाली. अमरदीपनं पुढं केलेल्या स्टुलावर ती बसली आणि बोलायला लागली. जाकिटाची बाही तिनं सोडली नाही.

तिचं माहेर ठाणाकुशनूर. ती लहान असताना एका वर्षी कपाशीवर अळी पडली. तेव्हा औषध मारायला एक इवलंसं विमान आलं होतं. गावाबाहेरच्या सपाट माळावर ते उतरलं. मार्गशीर्षातली थंडी, गवतावर दहिवर. सगळा गाव धावला. विमानातून एक माणूस उतरला, आणि त्याच्या अंगात असलं जाकीट होतं. राजूबाईच्या बापानं त्याला भाकरी आणि वांग्याचं कालवण दिलं. उन्हं चढल्यावर त्यानं जाकीट काढलं, बाभळीच्या फांदीला अडकवलं, आणि राजूबाईला खुणेनं सांगितलं की शेळ्या तोंड लावतील, लक्ष ठेव.

"दिवसभर मी बाभळीखाली बसले," राजूबाई सांगत होती. "ते वर घिरट्या घालायलंय, खाली येऊन औषध भरायलंय, परत वर जायलंय. माझ्या जवळ त्याचं जाकीट. वाऱ्यानं हलायचं. मला वाटायचं, अर्धा मानूस आभाळात हाय आन् अर्धा माझ्यापाशी. एक बाही घालून बगावं असं लई वाटलं. पण घातले न्हाई. दुसऱ्याचं. बाप बघायला होता." ती थांबली. "दिवस कलला तसं ते आलं, जाकीट घातलं, माझ्या डोक्यावर हात ठेवलं आन् गेलं. परत कवा आलं न्हाई. पुढच्या साली औषध पाठीवरच्या पंपानं मारले."

ती उठली आणि जाकिटाच्या कोपरावर बोट ठेवलं. "बग. त्याचं बी कोपर असंच झिजलं होतं. मी दिवसभर बगत होते की. मला ठाव न्हाई व्हय?"

पलीकडच्या टोकाला भीमराजांनी पेपर मिटून मांडीवर ठेवला होता. संध्या दाराशी उभी होती. "व्हय मावशी, असंल" एवढं म्हटलं की पुरे होतं. बाई आनंदानं घरी गेली असती. आणि कोपर तर बोलतच होतं, त्याच्याच हातांनी बोलायला लावलेलं.

"मावशी," अमरदीप म्हणाला, "हे त्याचं न्हाई. हे मी शिवलोय, इथंच, ह्या मशीनवर. नक्कल हाय. कोपर मी काचकागदानं घासलोय."

"घासलास? कामून?"

"जुनं दिसावं म्हणून."

राजूबाईनं काळ्या चष्म्यातून त्याच्याकडं पाहिलं. डोळे दिसत नव्हते, त्यामुळं तिला काय वाटलं ते कळलं नाही. "मग ह्याच्यात कोण होतं?" तिनं विचारलं.

"कुणीच न्हाई."

तिनं बाही सोडली. बाही हळूच मूळ जागी आली आणि स्थिर झाली. राजूबाई पिशवी उचलून रस्त्याकडं चालायला लागली. हरिओम तिच्या मागं गेला, जाताना त्यानं वळून अमरदीपकडं असं पाहिलं की जणू अमरदीपनं तिच्या हातातलं काही हिसकावून घेतलं होतं.

"एवढं सांगायलाच पायजे होतं का?" संध्या हळूच म्हणाली. पण ह्या वेळी तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिलाही ठाऊक नव्हतं काय करायला हवं होतं.

भीमराज म्हणाले, "पोरीनं दिवसभर राखण केली. बाही सुदा घातली न्हाई." आणि परत पेपर उघडला. पण वाचत नव्हते.

त्यानंतरचे दिवस अमरदीपचं कामात लक्ष लागलं नाही. एका ट्रॅक्टरच्या सीटला त्यानं उलटी शिवण घातली. दुपारी रस्त्यावरचं ऊन पाण्यासारखं हलायला लागलं की त्याला तो माळ दिसायचा, बाभूळ दिसायची, खाली बसलेली परकर-पोलक्यातली पोर दिसायची. त्यानं मनात उभ्या केलेल्या सगळ्या वैमानिकांपेक्षा ती पोर जास्त खरी होती. वाळलेली पिवळी पट्टी मशीनच्या खणात तशीच पडून होती.

रविवारी सकाळी महेशकुमारची गाडी यायच्या आधी हरिओमची मोटरसायकल आली. मागं राजूबाई बसली होती. या वेळी काळा चष्मा नव्हता. डोळे लाल होते, पण स्वच्छ. ती उतरली आणि सरळ जाकिटापाशी गेली. तेव्हा कुठं तिनं ते खऱ्या अर्थानं पाहिलं. कॉलरची लोकर चिमटीत धरली, चेन वरखाली केली, अस्तर उलटून बघितलं.

"तुझं खरं हाय," ती म्हणाली. "त्याची चेन पांढरी होती. अन् खिसा ह्या बाजूला."

"मी सांगितलो होतो, मावशी."

"सांगितलास म्हणूनच आले. त्याचं असतं तर काय केले असते मी? घरी नेऊन खुंटीला लावले असते. दुसऱ्याचं अंगात कसं घालू?" तिनं जाकीट दोरीवरून काढायला हात वर केला, हात पुरला नाही, तेव्हा संध्यानं काढून दिलं. "ह्याच्यात कुणीच नव्हतं म्हणलास. मग माझ्यासाठी दे."

अमरदीपनं हरिओमकडं पाहिलं. हरिओम खाली बघत म्हणाला, "चार दिस झाले, घरात हेच चालू हाय. मी म्हणलो, माय, लोक हसतील. ती म्हणली, हसू दे. सकाळी हरभऱ्याला पाणी द्यायला जाती ती माझ्या आधी, थंडीत. शाल खांद्यावरून घसरती तिची. मग मी म्हणलो, चल."

राजूबाईनं जाकीट अंगात घातलं. ते तिला फार मोठं होतं. खांदे दंडावर आले, हातांची बोटंसुद्धा दिसेनात. लुगड्यावर ते एखाद्या पोत्यासारखं उभं राहिलं. रस्त्यावरचे दोघेतिघे थांबून बघायला लागले. संध्याला हसू आलं, तिनं पदर तोंडाला लावला. राजूबाईही हसली. आरशात बघून म्हणाली, "आगं माय! शेळीला घोड्याचं खोगीर!"

"लहान करून देतो," अमरदीप म्हणाला. ते तोंडातून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की तो काय बोलून बसलाय. बाह्या उसवाव्या लागतील. पाठ कापावी लागेल. मापच बदललं की ते कशाचीच नक्कल राहणार नव्हतं.

"अन् हे कोपर," राजूबाई म्हणाली. "हे झिजलेलं काढ. मला नवं पायजे."

"झिजलेलंच शोभा हाय त्याची, मावशी. लोक त्याच्यासाठीच..."

"मी हाय की झिजवायला."

ती हे इतक्या सहज म्हणाली की अमरदीप तिच्याकडं बघतच राहिला. कारखान्यात रोज झिजवलेल्या त्या सगळ्या बाह्या त्याला आठवल्या आणि पहिल्यांदाच त्याला त्या उदास वाटल्या. कुणाच्याच नसलेल्या म्हाताऱ्या बाह्या. तो म्हणाला, "बरं. नवं लावतो."

संध्यानं माप घेतलं. खांदा, छाती, बाही. राजूबाई हात पसरून उभी राहिली, आणि वरून विमान गेलं तेव्हा तिनं हात खाली घेतले नाहीत. आत डाव्या बाजूला एक खिसा हवा, असं तिनं सांगितलं, पान-तंबाखूची चंची बसेल एवढा. कमरेची पट्टी सैल हवी, कारण वाकावं लागतं. संध्या प्रत्येक गोष्ट अमरदीपला ओरडून सांगत होती आणि तो भिंतीवर खडूनं लिहीत होता.

एवढ्यात भीमराज घरातून चहा घेऊन आले. स्वतःच आणला. त्यांनी कप राजूबाईपुढं धरला. तिनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं. दुकानात भिंतीवर निळ्या कोटातल्या साहेबांची हार घातलेली तसबीर होती, तिनं ती आल्या आल्याच पाहिली होती, हे घर कोणत्या समाजाचं आहे हे तिला कळलं होतं. तिनं कप घेतला, बशीत ओतला आणि फुर्र करून प्यायली.

"साखर कमी हाय, दादा," ती म्हणाली.

"दुसरा आणतो," भीमराज म्हणाले, आणि खरंच आणला.

महेशकुमार दुपारी आला. तोवर जाकीट टेबलावर उघडं पडलं होतं. बाह्या वेगळ्या, कॉलर वेगळी, कोपराचे तुकडे कापून बाजूला टाकलेले. तो दारातच थबकला.

"अरे! हे काय करून बसलात?"

"गिऱ्हाईक मिळालं," अमरदीप म्हणाला. "निर्ण्याची हाय. पाणी द्यायला जाताना घालायला पायजे तिला."

"पाणी द्यायला!" महेशकुमार खुर्चीत बसला. तो वाईट माणूस नव्हता, त्याला खरोखरच त्या कापलेल्या कोपराचं दुःख झालं होतं. त्यानं ते तुकडे उचलून हातात घेतले. "किती देखणं काम होतं. दुसरं शिवाल का मग?"

"शिवीन. पण पट्टी लावणार न्हाई. नक्कल म्हणून इकायचं असंल तर शिवीन."

"नक्कल म्हणून कोण घेतंय?"

"एकजण तरी घेतली की," अमरदीप म्हणाला. महेशकुमार हसला, मान हलवली आणि कोपराचे ते दोन तुकडे मागून घेऊन गेला. कशाला, ते त्यानं सांगितलं नाही. अमरदीपनंही विचारलं नाही. पिवळी पट्टी त्यानं मशीनच्या तेलाचे हात पुसायला घेतली.

जाकीट पुन्हा शिवायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला. पुरुषाच्या मापाचं जादा कातडं तो कमी करत गेला तसं त्यात काहीतरी वेगळंच उमटायला लागलं. खांदे उतरते झाले. पाठीला थोडा बाक आला, कारण राजूबाईच्या पाठीला होता. नवी कोपरं इतकी गुळगुळीत होती की त्यांच्यात खिडकीचा उजेड दिसायचा. काचकागद जवळच पडला होता, आणि सवयीनं त्याचा हात दोनदा तिकडं गेला. दोन्ही वेळा त्यानं तो मागं घेतला. झोपेत त्याला त्या दिवसांत एकच स्वप्न पडायचं. पांढऱ्याशुभ्र आभाळात एक बाई चालतेय, पायाखाली काही नाही, आणि ती मधेमधे वाकून काहीतरी नीट करतेय.

संक्रांतीच्या आधी एका सकाळी तो जाकीट पोचवायला निघाला. भीमराज म्हणाले, "मी बी येतो." अमरदीपनं जाकीट जुन्या साडीत गुंडाळलं होतं. मोटरसायकलवर ते धरणार कोण, हा प्रश्न आला तेव्हा भीमराजांनी गाठोडं स्वतः मांडीवर घेतलं. साडीच्या घडीवर हात ठेवले, आत नाही. निर्ण्याच्या वाटेवर धुकं इतकं होतं की पुढचं झाडसुद्धा जवळ गेल्यावरच उगवायचं. ज्वारीची ताटं दोन्ही बाजूंनी ओली उभी होती. भीमराजांच्या अंगात स्वेटर होता, तरी ते कुडकुडत होते.

"अमर," ते मागून म्हणाले.

"काय अप्पा?"

"घोंगड्याचं शिवता येईल का असलं?"

अमरदीपनं गाडी हळू केली. "असलं म्हणजे?"

"असलंच. कॉलर, चेन, कमरंला पट्टी. कातडं नको. धनगराकडचं काळं घोंगडं असतंय ना, त्याचं." मग थोड्या वेळानं, वाऱ्यात, "बसवर असताना ह्याच वाटेनं पहाटेची पहिली गाडी असायची माझी. दारातून वारा यायचा. वाटायचं, असलं एखादं असावं."

"येईल अप्पा. घोंगडं जाड असतंय, पण मशीन वढील."

"मापाला घाई न्हाई," भीमराज म्हणाले.

राजूबाई घरी नव्हती. हरिओमनं त्यांना रानात नेलं. हरभऱ्याच्या वाफ्यांत पाणी चाललं होतं, धुक्यात मोटर कुठंतरी घुमत होती, आणि बांधावर खोरं घेऊन ती उभी होती, शाल खांद्यावरून घसरलेली. गाठोडं बघून तिनं खोरं चिखलात रोवलं, हात पदराला पुसले. जाकीट अंगात घालताना तिला कुणाची मदत लागली नाही. चेन वर ओढली, कॉलर कानापर्यंत घेतली, चंची खिशात टाकून वरून थोपटून बघितली. ते तिला बसलं होतं, असं बसलं होतं की अमरदीप स्वतःच्या कामाकडं बघायचंच विसरला आणि फक्त बाईकडं बघत राहिला.

शेजारच्या रानातून यल्लम्मा नावाची एक बाई कापूस वेचता वेचता सरळ झाली आणि कानडी-मराठीत ओरडली, "अक्का, कुठं निघालीस गं असलं घालून?"

"कुठं न्हाई. हरभऱ्याला बारं द्यायलेय!" राजूबाईनं उत्तर दिलं. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं यल्लम्माला हाक मारली, "ये, घालून बघ ये. ऊन होईस्तर तुझं."

यल्लम्मा बांध ओलांडून आली. तिनं हात लुगड्याला तीनतीनदा पुसले, लाजली, आणि घातलं. राजूबाई तिच्याभोवती फिरून तिला बघत होती, चेन वर ओढून देत होती, कॉलर नीट करत होती. दोघी एवढ्या हसत होत्या की हरिओमही हसायला लागला. भीमराज बांधावर उकिडवे बसून हरभऱ्याचे घाटे सोलत त्यांच्याकडं बघत होते.

"ह्याला फिरवून आणते थोडं," यल्लम्मा म्हणाली आणि दोन्ही हात बाजूला करून बांधावरून चालत निघाली. धुक्यात आधी तिचे पाय गेले, मग लुगडं, मग बराच वेळ नुसतं तपकिरी जाकीट जमिनीपासून वर तरंगत जाताना दिसत राहिलं. राजूबाई खोरं उपसून पुढच्या वाफ्याला पाणी वळवायला लागली. तिनं मान वर न करता विचारलं, "दिसायलीय का रं अजून?"

"दिसायलीय," अमरदीप म्हणाला.